आठ तासांचे पाहुणे

अलास्काची क्रूझ करून आलो असं सांगितलं की दोन प्रकारच्या प्रतिक्रिया येतात. देसी मित्र विचारतात, "किती पडले?" आणि ऑफिसातले पाठीला सॅक लावून डोंगर चढणारे सहकारी आधी हसतात, मग म्हणतात, "क्रूझ? ते तर म्हाताऱ्यांचं काम!" त्यांचं बरोबर आहे. माझ्याबरोबर दोन म्हातारे होतेच (हे वाक्य आईच्या नजरेस पडू नये अशी आशा आहे). बाबांचा गुडघा दहा मिनिटं चाललं की कुरकुरायला लागतो. आईला बोट लागण्याची धास्ती. दोघांनाही सकाळी सहाला चहा लागतो. अशा दोन माणसांना हिमनदी, देवमासा आणि अस्वल हे सगळं एका आठवड्यात, तेही रोज सामान न बांधता दाखवायचं, तर क्रूझशिवाय दुसरा मार्ग मला तरी माहीत नाही. तेव्हा क्रूझला नावं ठेवायला मी आज बसलेलो नाही.

पण २०२५ च्या जुलैअखेरीस आम्ही जूनोला एक दिवस घालवला, आणि तेव्हापासून एक विषय डोक्यातून जात नाहीये. दिवसाला किती पाहुणे घ्यायचे याचा आकडा त्या गावाने ठरवून टाकलाय. आमच्या जहाजावर जेवणाच्या टेबलावर यावर भरपूर चर्चा झाली आणि बहुतेकांचं मत, "पर्यटकांच्या जिवावर जगतात आणि वर पर्यटकच नकोत म्हणतात" असं होतं. मला हे अजिबात पटत नाही. माझ्या मते त्यांनी बरोबर केलंय, आणि केलंय तेही जरा बेताबेतानेच.

आधी जूनो काय प्रकरण आहे ते सांगतो. अलास्का राज्याची ही राजधानी. आणि या राजधानीला बाहेरून गाडीने येताच येत नाही! गावात रस्ते आहेत, सिग्नल आहेत, पण मुख्य रस्ता साठ-पासष्ट किलोमीटर जातो आणि संपतो. मागे उभे डोंगर, त्यांच्यामागे बर्फाचं अवाढव्य पठार, पुढे गॅस्टिनो चॅनल नावाची समुद्राची चिंचोळी पट्टी. यायचं तर विमानाने किंवा पाण्यातून. दूध, सिमेंट, लोकांच्या गाड्या, सगळं बार्जवर लादून येतं. आणि आम्ही येतो.

लोकसंख्या साधारण ३२ हजार. म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव. या गावात एप्रिल ते ऑक्टोबर या हंगामात २०२३ साली सोळा लाखांहून जास्त क्रूझ प्रवासी उतरले. गर्दीच्या दिवशी पाच मोठी जहाजं लागतात. आम्ही होतो त्या दिवशी मी मोजली, पाचच होती. डेकवरून खाली बघितलं तर जहाजं इमारतींपेक्षा उंच दिसत होती. गाव जहाजांना लागलंय की जहाजं गावाला, तेच कळेना.

गावाचा इतिहासही बाहेरून येणाऱ्यांचाच आहे म्हणा. इथले मूळ लोक ट्लिंगिट. १८८० साली त्यांच्यातल्या काऊई नावाच्या मुखियाने दोन गोऱ्या माणसांना सोनं कुठे सापडतं ते दाखवलं. त्या दोघांपैकी जो जूनो, त्याचं नाव गावाला मिळालं. दाखवणाऱ्याचं नाही. पुढे मोठ्या खाणी निघाल्या, डोंगर पोखरून काढलेला दगड समुद्रात टाकला गेला, आणि आज किनाऱ्याचा बराच भाग त्या भरावावरच उभा आहे. शेवटची मोठी खाण १९४४ साली बंद पडली. मग सरकारी नोकऱ्या होत्या, मासेमारी होती, आणि आता जहाजं आहेत.

धक्क्यावर उतरलं की एका कुत्रीचा ब्राँझचा पुतळा दिसतो. पॅटसी ॲन. ही जन्मापासून बहिरी बुल टेरियर. १९३० च्या दशकात कुठलंही जहाज येत असलं की तिला म्हणे आधीच कळायचं, आणि बरोबर त्याच धक्क्यावर जाऊन ती बसायची. १९३४ मध्ये महापौरांनी तिला गावाची अधिकृत स्वागतकर्ती जाहीर केलं. १९४२ मध्ये ती गेली, पुतळा १९९२ चा. आईने तिच्या डोक्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "हिला तेव्हा आठवड्याला चार बोटी बघायच्या असतील. आता असती तर दमली असती बिचारी."

आई हे सहज बोलली. पण मला वाटतं जूनोचा सगळा वाद या वाक्यात आला.

गावात फार वेळ घालवला नाही, आणि घालवण्यासारखं त्या मुख्य रस्त्यावर फार काही नाहीही. साउथ फ्रँकलिन स्ट्रीट म्हणजे दागिन्यांची दुकानं, टी-शर्टांची दुकानं, चॉकलेटं, परत दागिने. एका दुकानातला विक्रेता आम्हाला बघून सरळ हिंदीत सुरू झाला, "आइये अंकल, सिर्फ देख लीजिये." अलास्कात येऊन बाबांना हिऱ्याच्या अंगठीवर डिस्काउंट! तो मुलगा हिवाळ्यात कॅरिबियनमधल्या एका बंदरात हेच काम करतो. म्हणजे जहाजं तिकडे गेली की दुकानातली माणसंही तिकडे. ऑक्टोबरनंतर या रस्त्यावर कितीतरी दुकानांना फळ्या लागतात. पैसा गावात येतो हे खरं, पण त्यातला किती गावात राहतो हा प्रश्न त्या एका रस्त्यावरून चालताना आपोआप पडतो. आणखी एक गोष्ट. माझ्या फोनवर नेटवर्कच्या सगळ्या काड्या दिसत होत्या आणि साधा नकाशा उघडायला दीड मिनिट लागत होतं. काही हजार लोक एकदम धक्क्यावर उतरून फोटो चढवायला लागल्यावर दुसरं काय होणार? मला एका दिवसाचा त्रास. तिथे घरून काम करणाऱ्याचं काय होत असेल, हा विचार मात्र लगेच आला. व्यवसायाचा दोष!

आता देवमाशांबद्दल. खरं तर त्यांच्यासाठीच गेलो होतो.

धक्क्यावरून बसने वीस-पंचवीस मिनिटांवर ऑक बे नावाची खाडी आहे, तिथून छोट्या बोटी सुटतात. आमच्या बोटीत चाळीसेक माणसं होती. आईने गोळी घेतली होती आणि बाबांनी खिडकीची जागा. पहिली वीस मिनिटं काहीच नाही. मग बोटवाल्याने इंजिन मंद केलं आणि डाव्या हाताला, बरंच लांब, पाण्यातून वाफेसारखा फवारा उडाला. नंतर आवाज आला. तो आवाज कुठल्याही माहितीपटात नीट ऐकू येत नाही. प्रेशर कुकरची शिट्टी काढल्यावर वाफ एकदम सुटते तसा, पण खोल आणि जड. काळी पाठ वर आली, वळली, आणि शेवटी शेपूट. आमच्या बोटीतले सगळे ओरडले. बाबा ओरडले नाहीत. ते नुसते उभे राहिले. त्यांना उभं राहायला दोन माणसांचा आधार लागतो आणि त्यांनी कोणाचाच घेतला नव्हता, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

हे हम्पबॅक जातीचे देवमासे. लांबी बारा ते पंधरा मीटर, वजन तीस-चाळीस टन. यातले बरेचसे हिवाळा हवाईच्या उबदार पाण्यात काढतात. पिल्लं तिकडे होतात. पण तिकडे खायला त्यांना जवळजवळ काहीच मिळत नाही. म्हणून उन्हाळ्यात चार हजारांहून जास्त किलोमीटर पोहून ते इथे येतात ते निव्वळ जेवायला. हेरिंगसारखे छोटे मासे आणि क्रिल खाऊन वर्षभराची चरबी साठवायची आणि परत जायचं. पिल्लू पाजणारी मादी तर दोन जिवांचं खात असते. प्रत्येकाच्या शेपटीच्या खालच्या बाजूला काळ्या-पांढऱ्याची वेगळी नक्षी असते, आपल्या बोटाच्या ठशासारखी. त्यावरून कोण कोण परत आलं याची नोंद ठेवतात. आमच्या गाईड मुलीने एक शेपूट बघितली आणि शेजारच्या वहीतलं पान उघडून आम्हाला तोच देवमासा दाखवला. ती दरवर्षी येते म्हणे. म्हणजे आम्ही "एक व्हेल" बघितला नव्हता, एका विशिष्ट बाईला तिच्या जेवणाच्या वेळी भेटलो होतो.

नियम काय आहेत? अलास्काच्या पाण्यात हम्पबॅकपासून शंभर यार्ड, म्हणजे साधारण नव्वद मीटर, दूर राहायचं हा २००१ पासून कायदा आहे. त्याच्या वाटेत जाऊन थांबायचं नाही, वेग कमी ठेवायचा. शिवाय अर्ध्या तासापेक्षा जास्त एका देवमाशापाशी रेंगाळू नये अशी मार्गदर्शक सूचना. आमच्या बोटवाल्याने हे सगळं पाळलं. बरोबर अर्ध्या तासाने त्याने बोट वळवली. मागच्या बाकावरचा एक जण, "आत्ता कुठे जवळ येतोय आणि निघालो काय!" म्हणून कुरकुरला. गाईड हसून म्हणाली, तिची वेळ संपली नाही, आपली संपली. मला ते फार आवडलं.

पण मी निघताना मागे बघितलं आणि बोटी मोजल्या. नऊ. आम्ही वळलो तेव्हा दोन नव्या येत होत्या. प्रत्येक बोट नव्वद मीटर लांब, प्रत्येक बोट अर्धाच तास, प्रत्येकाचं वागणं शंभर टक्के नियमात. आणि तरी त्या मादीच्या भोवती सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोणी ना कोणी आहेच.

सर्व्हरचं काम केलेल्या कोणालाही हे लगेच कळेल. प्रत्येक युजरला मिनिटाला दहा रिक्वेस्टची मर्यादा घातली, छान. युजर किती घ्यायचे याला मर्यादाच नाही. मग एक दिवस सगळे युजर अगदी शहाण्यासारखे वागत असतात आणि सर्व्हर झोपलेला असतो. लॉग काढून बघा, कोणाचीच चूक सापडत नाही! ज्याला शिव्या घालाव्यात असा एकही माणूस नसतो. अशा वेळी युजरना "जबाबदारीने वागा" असं ईमेल पाठवून काही होत नाही. एकूण किती, हा आकडा कोणालातरी ठरवावा लागतो.

म्हणून मला जबाबदार पर्यटन या शब्दाचा थोडा कंटाळा आलाय. कापडी पिशवी न्या, प्लास्टिक टाकू नका, प्राण्यांना खायला घालू नका. सगळं बरोबर, करावंच. पण सोळा लाख जबाबदार माणसंसुद्धा सोळा लाखच असतात.

परत येताना बाबा म्हणाले, "आपल्याकडे बोटवाला डॉल्फिन दिसला की त्याच्या अंगावरच बोट घालतो रे." मागच्या खेपेला ते दोघं दापोलीजवळ हर्णै-मुरुडला गेले होते, तिथलं ते. मीही तारकर्लीला हे पाहिलंय. एका बोटीतून "तो बघा तो बघा" झालं की सहा बोटी इंजिन पूर्ण सोडून तिकडे धावतात, डॉल्फिन बुडी मारतो, बोटी थांबतात, परत तेच. लोक टाळ्या वाजवतात. मी बोटवाल्याला दोष देणार नाही. पावसाळ्यात त्याचा धंदा बंद, आणि गिऱ्हाईक किनाऱ्यावर उतरल्यावर "डॉल्फिन दिसलाच नाही, पैसे परत द्या" म्हणून भांडतं. जूनोचा बोटवाला अर्ध्या तासाने वळू शकतो, कारण बाकीचेही वळणार हे त्याला माहीत असतं. एकट्याने वळून त्याचं पोट भरणार नाही. म्हणजे इथेही परत तोच मुद्दा आला, नियम सगळ्यांना एकदम लागला तरच पाळणं परवडतं.

जाता जाता गरुडांचं सांगतो. जूनोत पांढऱ्या डोक्याचे गरुड दिव्याच्या खांबावर बसलेले दिसतात, आपल्याकडे घारी दिसतात तितक्या सहज. अमेरिकेचा हा राष्ट्रीय पक्षी. पण अलास्कात १९१७ पासून १९५३ पर्यंत गरुड मारून आणला तर सरकार बक्षीस देत असे. सामन मासे आणि कोल्ह्यांच्या फार्मवरची पिल्लं पळवतात म्हणून. त्या काळात एक लाखाहून जास्त गरुड मारले गेले. (सामन म्हणजे साल्मन. आपल्याकडे हॉटेलवाले रावसाला इंडियन साल्मन म्हणतात, त्या दोघांचं काही नातं नाही, पण रावस जास्त चांगला लागतो हे माझं ठाम मत आहे.) ज्या पक्ष्याच्या पायांची जोडी दाखवली की पैसे मिळायचे, त्याच्या फोटोसाठी आज माणसं पैसे मोजतात. माणसाचं मत बदलतं हे चांगलंच आहे, पण मारताना संख्येचा विचार नव्हता आणि बघतानाही नसला, तर फक्त बंदुकीच्या जागी कॅमेरा आला.

दुपारी मेंडनहॉल हिमनदी. गावापासून वीस-एक किलोमीटर. सरकारी सिटी बसही जाते पण ती दीड मैल अलीकडे सोडते, त्यामुळे बाबांसाठी टूरची बस घेतली. या बसकंपन्यांना हंगामात किती माणसं न्यायची तेही वनखात्याच्या परवान्यात ठरवून दिलेलं असतं. पुन्हा आकडा! समोर तळं, तळ्यापलीकडे निळसर बर्फ, उजवीकडे नगेट फॉल्स हा दणकट धबधबा. आई धबधब्यापर्यंत चालत जाऊन आली, बाबा आणि मी स्टीप क्रीक या ओढ्यावरच्या लाकडी पायवाटेवर थांबलो. खाली ओढ्यात लालभडक सॉकाय सामन अंडी घालायला आलेले, आणि थोड्या वेळाने झाडीतून एक काळं अस्वल अगदी आरामात उतरलं, पाण्यात तोंड घातलं, मासा उचलला आणि गेलं. दोन मिनिटांचं काम. रेंजरने आम्हाला हाताने गप्प केलं होतं. पन्नास-साठ माणसं आणि चिडीचूप. पायवाट ओढ्याच्या वर उचलून बांधलीय, त्यामुळे अस्वलाला खालून जाता येतं आणि माणसाला त्याच्या वाटेत येता येत नाही. साधं डिझाइन आहे, पण मला त्या दिवसातली सगळ्यात हुशार वस्तू तीच वाटली.

व्हिजिटर सेंटर १९६२ सालचं. तेव्हा हिमनदी पुष्कळ जवळ होती. जुने फोटो लावलेत आणि त्यांच्याशेजारच्या खिडकीतून बघितलं की मधल्या काळात किती बर्फ गेलं ते कोणी सांगावं लागत नाही. पण जी गोष्ट आम्हा प्रवाशांपैकी बहुतेकांना माहीतच नव्हती ती वेगळीच आहे. हिमनदीच्या बाजूला वर एक खळगा आहे. तिथली छोटी हिमनदी मागे हटली, खळगा रिकामा झाला, आणि त्यात पाऊस आणि वितळलेलं पाणी साठायला लागलं. मोठ्या हिमनदीचा बर्फ त्याला धरणाच्या भिंतीसारखा अडवून धरतो. उन्हाळ्यात कधीतरी पाणी त्या बर्फाखालून वाट काढतं आणि सगळं एकदम खाली येतं. २०११ पासून हे होतंय. ऑगस्ट २०२३ मध्ये नदीकाठची घरं पाण्यात कोसळली. ऑगस्ट २०२४ मध्ये पाणी शेकडो घरांत शिरलं. आम्ही गेलो तेव्हा नदीच्या काठाने वाळू भरलेल्या जाळीच्या मोठमोठ्या पेट्यांची भिंत उभी होती. बसमधून एकाने विचारलं, इथे काही बांधकाम चाललंय का? आम्ही परत येऊन दोन आठवडे झाले असतील, १३ ऑगस्टला नदीने आधीचे सगळे विक्रम मोडले, पाणी १६.६५ फुटांवर गेलं. बहुतेक घरं त्या भिंतीने वाचवली. मी ऑफिसात बसून बातमी वाचत होतो आणि फोनचा वॉलपेपर तीच हिमनदी होती.

ज्यांच्या गावात हे चालू आहे, त्यांनी रोज सकाळी उठून पंधरा-सोळा हजार माणसांचं हसतमुखाने स्वागत करावं आणि वर आकडाही विचारू नये, ही अपेक्षाच मला जास्तीची वाटते.

बरं, त्यांनी केलं तरी काय? फार नाही. क्रूझ कंपन्यांच्या संघटनेशी बोलून २०२४ पासून दिवसाला जास्तीत जास्त पाच मोठी जहाजं असं ठरवलं. मग दुसरा करार केला की २०२६ च्या हंगामापासून, प्रत्येक खोलीत दोन माणसं या हिशेबाने, रविवार ते शुक्रवार रोज सोळा हजार आणि शनिवारी बारा हजार. काही गावकऱ्यांना हे पुरेसं वाटलं नाही. त्यांनी शनिवारी आणि चार जुलैला मोठी जहाजं पूर्ण बंद ठेवावीत असा प्रस्ताव मतदानाला आणला. ऑक्टोबर २०२४ मध्ये लोकांनी तो पाडला. हे महत्त्वाचं आहे, कारण जहाजावरच्या चर्चेत सगळे, "त्यांना आम्ही नकोच आहोत" असं म्हणत होते. नको असते तर त्यांना मतदानात ते सांगता आलं असतं. त्यांनी सांगितलं की या, पण मोजून या.

आता उलट बाजू. पैसा खरा आहे. माणशी बंदराची फी मिळते, दुकानातल्या विक्रीवर कर मिळतो, शेकडो लोकांचा उन्हाळ्याचा रोजगार यावर आहे. आमची गाईड दुसऱ्या राज्यातून आलेली कॉलेजची मुलगी होती, तिची वर्षाची फी यातून निघते. जहाज कमी म्हणजे बोटी कमी, बोटी कमी म्हणजे अशा मुली कमी. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण हाच पैसा कोणाच्या मर्जीने खर्च व्हावा यावरही भांडण झालंय. गावाने माणशी फीच्या पैशातून समुद्राकाठी पायवाट आणि पूर्ण आकाराच्या ब्राँझच्या देवमाशाभोवती बाग करायला घेतली, तर २०१६ मध्ये क्रूझ कंपन्यांची संघटना कोर्टात गेली. मुद्दा काय, तर ती बाग धक्क्यापासून लांब आहे, तिचा जहाजांना उपयोग नाही. २०१८ मध्ये कोर्टाने सांगितलं की फी घ्यायला हरकत नाही, पण ती जहाजांच्या उपयोगासाठीच खर्चायला हवी. २०१९ मध्ये तडजोड झाली. कायद्याचं मला कळत नाही. पण घरी रोज पाहुणे येणार, आणि त्यांनी दिलेल्या पैशातून यजमानाने स्वतःच्या अंगणात झाड लावलं तर पाहुणा विचारणार की याची सावली माझ्या खुर्चीवर पडते का!

आणि ठरवलं तर सगळं जमतं, याचंही उदाहरण तिथेच आहे. धक्क्याला लागलेल्या जहाजाने स्वतःची इंजिनं बंद करून गावाची वीज घ्यायची, ही सोय क्रूझ जहाजांसाठी जगात पहिल्यांदा २००१ साली जूनोत झाली. जूनोची वीज जवळजवळ सगळी पाण्यावरची. जहाज उभं असतं पण धुराडं थंड. गंमत म्हणजे इतक्या वर्षांनी आम्ही गेलो तेव्हाही ही सोय एकाच धक्क्यावर होती. पाच जहाजं आणि प्लग एक.

माझी शंका वेगळी आहे. सोळा हजार हा आकडा म्हणजे कपात नाहीच, आत्ता आहे त्या गर्दीलाच कडी लावलीय. त्यामुळे "कमीच केलंय" असं वर म्हणालो. तरी पहिली पायरी म्हणून ती मला मान्य आहे. एकदा मर्यादा असते हे सगळ्यांनी मान्य केलं की आकड्यावर पुढे भांडता येतं. मर्यादाच नसेल तर भांडायला काही हातात नसतं.

यातला खरा अवघड भाग असा, की जागा कमी झाल्या की तिकीट महाग होतं, आणि मग बाहेर कोण राहतं? श्रीमंत अमेरिकन राहत नाही. आयुष्यात एकदाच मुलाकडे आलेले, गुडघा दुखणारे, पेन्शनवाले बाबा राहतात. मला हे बोलायला सोपं आहे, माझं बघून झालंय, हा आक्षेप एका मित्राने घेतला आणि तो रास्त आहे. माझ्याकडे याला पूर्ण उत्तर नाही. अर्धं आहे. आपल्या कास पठारावर फुलांच्या दिवसांत रोज तीन हजारांची मर्यादा आणि आधी बुकिंग असतं. तिकीट मात्र कोणालाही परवडेल असं. तिथे पैसा कमी पडला म्हणून कोणी राहत नाही, उशिरा बुकिंग केलं म्हणून राहतो. जागा मोजक्या असल्या की त्या वाटायचे दोन मार्ग, पैसा किंवा रांग. क्रूझ कंपन्या पैसाच निवडणार हे उघड आहे. पण तो दोष वाटण्याच्या पद्धतीचा आहे, मोजण्याचा नाही. बाबांना हे विचारलं तर म्हणाले, "मला परवडलं नसतं तर मी आलो नसतो. पण त्या मादीला जेवायला सोड ना निवांत."

असो. कोणाला आई-बाबांना घेऊन जायचं असेल तर दोन गोष्टी आधीच बघा. सिएटलहून सुटणारी मोठी जहाजं परदेशी झेंड्याची असतात आणि १८८६ च्या एका अमेरिकन कायद्यामुळे त्यांना वाटेत परदेशी बंदर घ्यावंच लागतं. म्हणून शेवटच्या रात्री चार तास कॅनडातलं व्हिक्टोरिया. तुम्ही जहाजावरून उतरा किंवा उतरू नका, भारतीय पासपोर्टला कॅनडाचा व्हिसा लागतो, नाहीतर सिएटललाच चढू देत नाहीत. आमच्यापुढच्या रांगेतल्या एका कुटुंबाला परत पाठवलं. दुसरं म्हणजे अस्वलं बघायची असतील तर जुलैच्या मध्यानंतर जा, त्याआधी ओढ्यात मासे नसतात. आणि शक्यतो शनिवारचं जहाज मिळतंय का बघा. त्या दिवशी चार हजार माणसं कमी असतात.